खासगी दवाखान्यांचे ६२ टक्के: अंश सापडतो, छेद सापडत नाही

पीएचडीच्या प्रपोजलचा पहिला परिच्छेद आपण बहुतेक सगळे एकाच पद्धतीने लिहितो. एक मोठा आकडा, त्याला एक रेफरन्स, आणि लगेच 'म्हणून या विषयावर संशोधनाची गरज आहे'. मीही तेच केलं होतं. माझं वाक्य असं होतं: 'भारतातल्या रुग्णालयांमधल्या एकूण खाटांपैकी सुमारे ६२ टक्के खासगी क्षेत्रात आहेत, तरीही कोविडच्या काळात या क्षेत्राचा वाटा त्या प्रमाणात दिसला नाही.' वाक्य मला आवडलं होतं. सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "हे ६२ कोणी मोजले?"

मी पेपरचं नाव सांगितलं.

"पेपर कोणाचा ते नाही विचारलं. खाटा कोणी मोजल्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पेपरचा सारांश आणि तक्ता वाचला होता, पद्धतीचा भाग वाचला नव्हता. तो त्या रात्री वाचला, आणि माझं वाक्य नुसतं कच्चं नाही तर उलटं आहे हे लक्षात आलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीत खासगी क्षेत्राने काय केलं, किती केलं, या प्रश्नावर आपल्याकडे खूप लिहिलं जातं. टीका होते, कौतुकही होतं. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू ज्या टक्केवारीवर उभ्या आहेत, तिचा छेद बऱ्याचदा कोणी मोजलेलाच नसतो.

आकडा कसा तयार झाला

एप्रिल २०२० मध्ये सेंटर फॉर डिसीज डायनॅमिक्स, इकॉनॉमिक्स अँड पॉलिसी (सीडीडीईपी) आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी राज्यवार अंदाज प्रसिद्ध केला: देशात किती खाटा, किती आयसीयू खाटा, किती व्हेंटिलेटर. लॉकडाऊन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि असा आकडा सगळ्यांनाच हवा होता. त्यांचा निष्कर्ष: एकूण १८,९९,२२८ खाटा; त्यातल्या ७,१३,९८६ सरकारी आणि ११,८५,२४२ खासगी. म्हणजे खासगी वाटा ६२.४ टक्के. महाराष्ट्रासाठी २,३१,७३९ खाटा, त्यात सरकारी ५१,४४६ आणि खासगी १,८०,२९३. आपल्या राज्यात खासगीचा वाटा जवळजवळ ७८ टक्के.

आता पद्धत. सरकारी खाटांची संख्या नॅशनल हेल्थ प्रोफाइल २०१९ मधून घेतली आहे. तिच्यात त्रुटी असतील, पण ती कुठेतरी नोंदवलेली संख्या आहे. खासगी खाटांची अशी देशव्यापी नोंद नव्हती. मग संशोधकांनी एनएसएसच्या ७५ व्या फेरीचा, म्हणजे २०१७-१८ च्या घरोघरच्या पाहणीचा, आधार घेतला. त्या पाहणीत लोकांना विचारलं होतं की तुम्ही सरकारी दवाखान्यात भरती झालात की खासगी. भरती झालेल्यांचं जे प्रमाण निघालं, तेच प्रमाण खाटांना लावलं. एखाद्या राज्यात सरकारीत एक माणूस भरती होत असेल तेव्हा खासगीत साडेतीन होत असतील, तर सरकारी खाटांना साडेतीनने गुणायचं. आल्या खासगी खाटा.

म्हणजे ११,८५,२४२ या आकड्यातली एकही खाट कोणी जाऊन मोजलेली नाही. शेवटच्या २ पर्यंत अचूक दिसणारी ही संख्या म्हणजे गुणाकाराचं उत्तर आहे.

पुढचं तुम्ही स्वतः करून बघा, कॅल्क्युलेटर घ्या. १८,९९,२२८ चे ५ टक्के काढा: ९४,९६१. त्याचे निम्मे: ४७,४८१. पेपरमध्ये देशातल्या आयसीयू खाटा ९४,९६१ आहेत आणि व्हेंटिलेटर ४७,४८१. कारण गृहीतकच असं आहे की एकूण खाटांपैकी ५ टक्के आयसीयूच्या, आणि त्यातल्या निम्म्यांना व्हेंटिलेटर. सगळ्या राज्यांना हेच प्रमाण. बिहारला तेच, केरळला तेच. सरकारीला तेच, खासगीलाही तेच. महाराष्ट्राच्या २,३१,७३९ खाटांचे ५ टक्के केले की ११,५८७ आयसीयू खाटा मिळतात, आणि तक्त्यात तोच आकडा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. लेखकांनी काही लपवलेलं नाही. शीर्षकापासून 'अंदाज' असंच म्हटलंय, गृहीतकं लिहिली आहेत. घाईच्या वेळी, हातात जे आहे त्यातून, नियोजनाला उपयोगी पडेल असं काहीतरी काढणं हे चांगलंच काम आहे. माझी टीका पेपरवर कमी आणि तो वापरणाऱ्यांवर जास्त आहे. त्यात मी पहिली.

वाक्य उलटं कसं झालं

माझं वाक्य परत वाचा: खाटा ६२ टक्के, पण वाटा तेवढा नाही. यात मी दोन गोष्टींची तुलना करतेय. एक, खासगी क्षेत्राची क्षमता. दुसरी, खासगी क्षेत्राने प्रत्यक्षात केलेलं काम. क्षमता जास्त आणि काम कमी, म्हणून दोष.

पण ६२ टक्के ही क्षमता नाहीच. साध्या दिवसांत लोक कुठे भरती झाले, त्यावरून ती काढली आहे. म्हणजे तो कामाचाच आकडा आहे, खाटांचे कपडे घातलेला. मग माझ्या वाक्याचा खरा अर्थ इतकाच उरतो: '२०१७-१८ मध्ये लोक जितक्या प्रमाणात खासगीत भरती होत होते, तितक्या प्रमाणात २०२० मध्ये झाले नाहीत.' हे वाक्य खरं असू शकतं. पण त्याची कारणं कितीतरी असू शकतात. साथीच्या सुरुवातीला कोविडचे रुग्ण सरकारी यंत्रणाच ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पाठवत होती. लोक बिलाला घाबरत होते. खासगी डॉक्टर संसर्गाला घाबरत होते. काहींनी दारं बंद ठेवली. यातलं कुठलं कारण किती, हे त्या टक्क्यावरून कळत नाही.

व्हेंटिलेटरचं तर आणखी वाईट. 'देशातले ६२ टक्के व्हेंटिलेटर खासगीत आहेत' हे या पेपरच्या आधारे म्हटलं तर ते निष्कर्षासारखं वाटतं. पण दोन्हीकडे ५ टक्के आणि निम्मे हेच प्रमाण लावलं असेल तर व्हेंटिलेटरचा वाटा खाटांच्या वाट्याइतकाच येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. आपण गृहीतक आत टाकलं आणि तेच बाहेर काढून दाखवलं.

लॅबमध्ये काम केलेल्यांना हे लगेच पटेल. कोणी नुसतं 'इतके सेल्स मिळाले' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'किती एमएलमध्ये?' तो प्रश्न आपण रोज एकमेकांना विचारतो. पॉलिसीचा पेपर समोर आला की मात्र विचारायचं विसरतो.

चूक कोणत्या दिशेने आहे, तेही माहीत नाही

कोणी म्हणेल, थोडं इकडेतिकडे होईल, पण खासगी खाटा जास्त आहेत हे तर खरंच ना? चित्र साधारण तसंच असावं, हे मलाही वाटतं. पण किती जास्त, हे या पद्धतीने कळत नाही, आणि चूक वरच्या बाजूला आहे की खालच्या, हेही कळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात सरकारी खाटा १००, आणि वर्षाला ५,००० लोक सरकारीत भरती होतात. म्हणजे एका खाटेवर वर्षाला ५० माणसं. खासगीतही ५,००० लोक भरती होतात. या पद्धतीने खासगी खाटा किती? १००. कारण आपण मानलंय की खासगीतही एका खाटेवर वर्षाला ५० माणसं येतात.

आता समजा सरकारी वॉर्ड तुडुंब आहे, जमिनीवर गाद्या टाकल्या आहेत, आणि खासगीतल्या निम्म्या खाटा एरवी रिकाम्या असतात. खासगीत एका खाटेवर २५ च माणसं. मग खऱ्या खाटा २००. आपला अंदाज निम्मा निघाला. उलट समजा, खासगीत मोतीबिंदू, छोट्या शस्त्रक्रिया अशी कामं जास्त आहेत, माणूस आज आला उद्या गेला. एका खाटेवर १०० माणसं. मग खऱ्या खाटा ५०. अंदाज दुप्पट झाला.

आणीबाणीत फरक पडतो तो नेमका इथेच. पहिल्या परिस्थितीत सरकारने खासगी खाटा घेतल्या तर खरोखर मोकळी जागा हाती येते. दुसऱ्या परिस्थितीत हाती काहीच येत नाही, उलट मोतीबिंदूचे रुग्ण थांबतात. दोन्ही ठिकाणी पेपरमध्ये लिहिलेला आकडा एकच: १००.

'खासगी' म्हणजे नक्की कोण

छेदाचा दुसरा प्रश्न: त्यात कोणाला धरायचं? तालुक्याच्या गावी डॉक्टर नवरा-बायको चालवतात ते दहा खाटांचं प्रसूतिगृह खासगी. शहरातलं कॉर्पोरेट रुग्णालय खासगी. ट्रस्टचं रुग्णालयही बोलताना आपण खासगीतच धरतो, जरी महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. एनएसएसच्या त्या फेरीत धर्मादाय संस्थांना वेगळा रकाना होता. आपल्या लेखांत मात्र सगळं एकाच शब्दात जातं.

श्वसनाच्या आजाराच्या साथीत या फरकाला फार अर्थ आहे. प्रसूतिगृहाची किंवा डोळ्यांच्या दवाखान्याची खाट ही खाटच असते, पण तिच्या उशाशी ऑक्सिजनची पाइपलाइन नसते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये लोक खाट शोधत होते असं आपण म्हणतो. खरं तर ते ऑक्सिजनची खाट शोधत होते, आणि व्हेंटिलेटरची. त्या चालवायला प्रशिक्षित नर्स लागते, भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट लागतो. 'क्षमता' या शब्दात हे सगळं येतं. 'खाट' मोजून ते येत नाही.

८० टक्के, कशाचे?

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे हा निव्वळ पेपरातला मुद्दा राहत नाही, त्याला आदेशाचं रूप येतं.

२१ मे २०२० ला राज्य सरकारने अधिसूचना काढली. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लागू होणार, उरलेल्या २० टक्क्यांवर रुग्णालय आपले दर लावू शकणार. दर दिवसाला: साधा विलगीकरण वॉर्ड ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० रुपये, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. देशात खासगी क्षेत्रावर इतकं ठळक बंधन घालणारी फार थोडी पावलं तेव्हा उचलली गेली, आणि माझ्या मते हे पाऊल योग्य होतं. साथीत बाजाराचा नियम चालत नाही. आजारी माणूस चार ठिकाणी भाव विचारून दवाखाना निवडू शकत नाही.

पण ८० टक्के कशाचे? रुग्णालयातल्या एकूण खाटांचे. एकूण किती, हे सरकारला कोण सांगणार? एक तर नोंदणीचं रजिस्टर, नाहीतर रुग्णालय स्वतः. एखाद्या रुग्णाला 'सरकारी दराच्या खाटा भरल्या, आता २० टक्क्यांतली आहे' असं सांगितलं तर त्याच्या नातेवाइकाने ते कसं तपासायचं? त्याला छेदही माहीत नाही आणि अंशही. ज्याच्यावर नियम आहे, त्याच्याच हातात मोजमाप आहे.

दुसरी अडचण एककाची. दर ठरवला तो 'खाट-दिवसा'चा. त्या दरात नर्सिंग, तपासणी, जेवण, नेहमीच्या रक्त चाचण्या, एक्स-रे असं बरंच काही धरलेलं होतं. पण पीपीई किट वगळलं होतं. सीटी स्कॅन, एमआरआय वगळलं होतं. टोसिलिझुमॅबसारखी महागडी औषधं वगळली होती. यातल्या काही गोष्टी वगळण्याला कारण होतं. महाग औषध सगळ्यांना लागत नाही, मग ते सगळ्यांच्या दरात कसं घालणार? पण परिणाम असा की बिलाचा एक भाग बांधला गेला आणि दुसरा मोकळा राहिला. रुग्ण भरतो ते पूर्ण बिल. दर पाळला की नाही याचं उत्तर 'हो' असूनही बिल लाखांत जाऊ शकतं. पुढे बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले, ते याचमुळे.

म्हणून 'दरनियंत्रण यशस्वी झालं का?' असा प्रश्न घेऊन कोणी अभ्यासाला बसलं, तर आधी ठरवावं लागेल की यश कशात मोजायचं. खाट-दिवसाचा दर पाळला गेला, हे एक मोजमाप. एका रुग्णाचं एकूण बिल कमी झालं, हे दुसरं. ज्याला एरवी खासगीत जाणं परवडलं नसतं असा माणूस तिथे भरती झाला, हे तिसरं. पहिल्यात यश आणि तिसऱ्यात अपयश, असं एकाच वेळी होऊ शकतं. कुटुंबाच्या दृष्टीने दुसरं आणि तिसरंच महत्त्वाचं. सरकारी फायलीत सापडायला सगळ्यात सोपं मात्र पहिलं.

या अधिसूचनेला पुढे कायद्याचा धक्काही बसला. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवणारा भाग रद्द केला. १ जून २०२१ ला राज्याने शहरांचे अ, ब, क असे गट करून वेगवेगळे दर लावले. साध्या वॉर्डाला ४,०००, ३,००० आणि २,४०० रुपये. म्हणजे मुंबईची खाट आणि तालुक्याची खाट सारखी नाही, हे मान्य व्हायला एक वर्ष आणि दुसरी लाट जावी लागली.

जिथे मोजता आलं, तिथे काय झालं

याच्या शेजारी आरटी-पीसीआर चाचणी ठेवून बघा. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने खासगी लॅबसाठी कमाल दर ४,५०० रुपये ठेवला. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये तो २,२०० वर आणला, आणि टप्प्याटप्प्याने कमी करत मार्च २०२१ च्या शेवटी ५०० वर. लॅबला परवानगी लागत होती, निकाल आयसीएमआरच्या पोर्टलवर भरावा लागत होता. एक चाचणी म्हणजे एक चाचणी. खासगी लॅबनी किती केल्या हे सांगता येत होतं, आणि दर एका ओळीत लिहिता येत होता. दर कमी झाला तो फक्त सरकारमुळे, असं मी म्हणणार नाही. किट स्वस्त झाल्या, स्पर्धा वाढली. पण तिथे निदान आपण कारणांवर वाद घालू शकतो, कारण आकड्यावर वाद नाही.

लसीचं उदाहरण मधलं आहे. १ मे २०२१ पासून केंद्राने उत्पादनाची वाटणी केली: ५० टक्के केंद्राला, २५ राज्यांना, २५ खासगी रुग्णालयांना. सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाला पैसे भरून लस घ्यायला लावणाऱ्या धोरणाला प्रथमदर्शनी मनमानी आणि असमंजस म्हटलं. जूनमध्ये धोरण बदललं आणि २१ जूनपासून ७५ टक्के केंद्र घेऊ लागलं. खासगीचे २५ तसेच राहिले. खासगीत कोविशील्डचा कमाल दर ७८० रुपये, कोव्हॅक्सिनचा १,४१०. त्यात रुग्णालयाचा सेवाआकार जास्तीत जास्त १५० रुपये. ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की खासगीत प्रत्यक्षात ७ ते ९ टक्केच लस वापरली जाते.

२५ आणि ७. 'खासगी क्षेत्र कमी पडलं', लगेच वाक्य तयार. मीही ते लिहिलं असतं. पण २५ हा पुरवठ्याचा वाटा आहे आणि ७ ते ९ वापराचा. शेजारच्या केंद्रावर तीच लस फुकट मिळत असताना ७८० रुपये देणारे लोक किती असतील? आणि ते कुठे राहतात? मोठ्या शहरांत. तालुक्याच्या छोट्या नर्सिंग होमला उत्पादकाकडून थेट ऑर्डर देऊन साठा आणणं कितपत जमणार होतं? मला वाटतं, ७ टक्क्यांतून खासगी रुग्णालयांची कुवत फारशी दिसत नाही. दिसतं ते हे की २५ हा वाटा गरज मोजून ठरवला नव्हता. लस कमी आणि रांगा लांब असताना उत्पादनाचा चौथा हिस्सा पैसे देऊ शकणाऱ्यांसाठी बाजूला ठेवला गेला, ही खरी टीका आहे. ती रुग्णालयांवर नाही, वाटणी करणाऱ्या धोरणावर आहे.

दोन आक्षेप

पहिला: आणीबाणीत नेमकेपणाचा हट्ट कशाला? घराला आग लागली असताना बादल्या मोजत बसायचं का? बरोबर आहे. एप्रिल २०२० मध्ये अंदाज काढणं योग्यच होतं. पण आता आग विझलेली आहे. आपण आता लिहितोय ते मूल्यमापन आहे, आणि घाईतला अंदाज मूल्यमापनात पुरावा म्हणून वापरायला काही सबब नाही. शिवाय बादल्या आगीच्या आधी मोजून ठेवायच्या असतात. मुंबईत जून २०२० मध्ये २४ वॉर्डांत वॉर रूम सुरू झाल्या, आणि कुठे खाट मोकळी आहे हे एका ठिकाणी बघून रुग्णाला पाठवायची पद्धत बसली. ती माहितीही रुग्णालयांनीच भरलेली होती, तिच्यात उशीर होता. तरी यादी असणं आणि नसणं यात फरक किती पडतो, हे तिथे दिसलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशी टीका शेवटी खासगी क्षेत्राच्या पथ्यावर पडते. 'आकडेच नाहीत, मग दोष कसा देता?' असं म्हणून ते सुटतात. मला ही भीती आहे. पण उलट बाजूही बघा. छेद नसला की टीका जशी डळमळते तसं कौतुकही डळमळतं. 'साथीत खासगी क्षेत्राने सिंहाचा वाटा उचलला' हे वाक्यही त्याच न मोजलेल्या खाटांवर उभं आहे. आणि मोजणी नसण्याचा फायदा कोणाला होतो? ज्याचं बिल आहे त्याला, ज्याने ते भरलं त्याला नाही. जास्तीचे पैसे घेतल्याची तक्रार करणाऱ्या कुटुंबाला आपलं बिल नेहमीचं आहे की वेगळं, हे दाखवायला तुलनाच सापडत नाही. म्हणून नीट मोजा असं म्हणणं ही सवलत नाही. जाब विचारायची ती पहिली पायरी आहे.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर

सर्वसाधारण उपदेश मला देता येत नाही. स्वतः अडखळून जे कळलं ते सांगते.

कुठलीही टक्केवारी वापरण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: वर काय आहे, खाली काय आहे. खालचं मोजलंय, नोंदवलंय की काढलंय, हे तिसऱ्या ओळीत. 'काढलंय' असेल तर कशावरून. ते ज्यावरून काढलंय त्याचीच तुलना तुम्ही पुढे करणार असाल, तर थांबा. तुमचा युक्तिवाद गोल फिरतोय.

आकडा फार नेमका दिसला तर संशय घ्या. ११,८५,२४२ असं लिहिलेलं असलं की आपल्याला वाटतं कोणीतरी दारोदार जाऊन आलंय. 'सुमारे १२ लाख' लिहिलं असतं तर मी तेव्हाच विचारलं असतं.

आणि खरे आकडे कुठे मिळतील ते शोधा. केंद्राच्या एचएमआयएसमध्ये मुख्यतः सरकारी संस्थांची माहिती असते. २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. पण आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याखाली प्रत्येक खासगी रुग्णालयाला नोंदणी करावी लागते, दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि अर्जात खाटांची संख्या लिहावी लागते. म्हणजे रजिस्टर आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागात आहे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आहे. ते जुनं असेल, अर्धवट असेल, काही ठिकाणी कागदावरच असेल. पण ते गुणाकारातून आलेलं नाही.

माझं प्रपोजल मी बदललं. आता ते एकाच जिल्ह्याबद्दल आहे: नोंदणीच्या रजिस्टरमध्ये खाटा किती, २०२० च्या आदेशानंतर रुग्णालयांनी कळवल्या किती, आणि ऑक्सिजनच्या किती. विषय लहान झाला. पहिल्या परिच्छेदातलं वजनदार वाक्य गेलं. पुढच्या बैठकीत त्याच सरांनी तक्ता बघितला आणि विचारलं, "रजिस्टरमधल्या किती दवाखान्यांना स्वतः जाऊन भेट दिली?"

अजून एकाही नाही. पुढच्या आठवड्यात सुरुवात करतेय.